सक्तीचा कोर्स

केया शिकत होती कम्प्युटर सायन्स, पण तिच्या ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत बायबलचा एक कोर्स सगळ्यांनाच सक्तीचा होता. 'आईवडिलांचा मान राख' या आज्ञेवर निबंध आला. आईशी बोलायचं आणि तिनं आपल्यासाठी काय सोडलं ते लिहायचं. केयाला फोन करायचा कंटाळा आला. तिनं आपल्या मनानंच ठोकून दिलं, की आईला पीएचडीला ॲडमिशन मिळाली होती, पण माझ्या वेळी दिवस गेले आणि तिनं ती सोडून दिली.

पालकांना कॅम्पसवर बोलावतात त्या फॅमिली वीकेंडला आईबाबा ईडन प्रेरीच्या घरून ड्राइव्ह करून आले, आणि प्रोफेसरांनी सगळ्या पालकांसमोर नेमका तोच निबंध वाचून दाखवला. टाळ्या वाजल्या. आई मात्र रडत होती. केयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर पडल्या पडल्या खरं सांगून टाकायचं ठरवून ती म्हणाली, "आई, आय ॲम सो सॉरी. ते मी..."

आईनं तिचा हात घट्ट धरला.

"तुला कुणी सांगितलं गं? मी तर आजवर बाबांनासुद्धा कळू दिलं नव्हतं."