काठाला काठ

"छेद सहीतून नाही ना जाणार, मॅडम?" टॅटूवाल्यानं तिसऱ्यांदा विचारलं.

सर्जनबाईंना हसू आलं. बायको पोट धरून कण्हतेय आणि याचा जीव टॅटूत! पण हेही प्रेमच म्हणायचं. तिच्या पोटावर उजवीकडे, अगदी खाली, त्यानं स्वतःच्या हातानं वेल काढली होती आणि तिच्याखाली ऐटीत आपली सही ठोकली होती.

"दुखणं सहीखालीच आहे. छेद तिथूनच घ्यावा लागेल."

मोठ्या दवाखान्यात नेऊन दुर्बिणीनं ऑपरेशन करू, असं त्याचं म्हणणं होतं. पण दुर्बिणीचं नाव काढताच बायकोनं असा आकांत मांडला की तिला हलवायची कुणाची छाती झाली नाही.

"काळजी करू नका," बाई म्हणाल्या. "काठाला काठ जुळवून शिवीन."

"मग मी खुणा करून देतो." त्यानं पेन काढलं आणि सहीवर आडव्या रेघा मारल्या. बायको छताकडे बघत राहिली.

प्रश्न तिला विचारला की उत्तर तो द्यायचा. तिच्या खाटेजवळून तसूभर हलायचा नाही. एवढा जीव लावणारा नवरा नशिबानं मिळतो, असं नर्स सगळ्यांना सांगत सुटली होती.

अपेंडिक्स बाहेर आलं ते अगदी ठणठणीत. बाई चक्रावल्या. पण असंही होतं कधीकधी. त्यांनी मग सगळं कसब शिवण्यात ओतलं. रेघेला रेघ जुळली, तेव्हा त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

टाके काढले त्या दिवशी टॅटूवाल्यानं चष्मा चढवून, वाकून पाहिलं.

"वा, मॅडम! वेलांटीसुद्धा हलली नाही!" तो खुशीत गाडी आणायला निघाला. दारातून वळून बायकोला म्हणाला, "इथंच थांब. हलू नकोस."

बाईंजवळ ती पहिल्यांदाच त्याच्याशिवाय होती. तिनं मान खाली घालून सही पाहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"अहो, रडताय काय?" बाई म्हणाल्या. "जशीच्या तशी आहे की!"

"हो ना." तिनं दाराकडे पाहिलं, मग सहीवर बोट ठेवलं. "अजून इथंच दुखतंय, डॉक्टर. पुन्हा उघडा. आणि या वेळी वाकडं शिवा."