निवडलेले तांदूळ

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर महिनाभराने सुलभाताईंनी तांदळाचं ताट पुढ्यात ओढलं.

"राहू दे, मी निवडलेत," दिगंबरराव म्हणाले. "आजच नाही, वर्षभर. तू निवडून ठेवलेस की मी गुपचूप पुन्हा निवडायचो. तुला दिसत नाही म्हणून तू खट्टू व्हायला नको."

सुलभाताईंना भरून आलं. ताटातून बोटं फिरवता फिरवता त्या थांबल्या. तीन दाणे वेचून त्यांनी नवऱ्याच्या तळहातावर ठेवले. "हे काय आहे?"

दिगंबररावांनी हात डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "तांदूळच की!"

ते पांढरे खडे होते. सुलभाताईंनी हलकेच त्यांची मूठ मिटली.

"उद्या माझ्याबरोबर तुमचेही डोळे दाखवू. मी नाही हो गुपचूप पुन्हा निवडत बसणार."