पुजलेलं मशीन

टेम्पो शाळेच्या दारात थांबला आणि ग्यानोबा व्हरांड्यातल्या खांबाआड सरकला. टेम्पोच्या फाळक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘जुने, बंद पडलेले कॉम्प्युटर घेतले जातील.’ आणि पुढच्या सीटवरून उतरली ती त्याची लेक, राजकन्या.

लेक लातूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत साहेब आहे, असं ग्यानोबानं चाकूरच्या बाजारापासून गावच्या पारापर्यंत सांगून ठेवलं होतं. साहेब म्हणायला हरकत नव्हती म्हणा, दुकान तिचं स्वतःचं होतं. पण त्या दुकानात ती क्लासवाल्यांनी आणि ऑफिसांनी टाकून दिलेली मशिनं गोळा करायची, दोन मोडक्यांतून एक धड उभं करायची आणि खेड्यातल्या शाळांना द्यायची. एवढं मात्र ग्यानोबानं कधी तोंडातून काढलं नव्हतं. भंगारवालीचा बाप म्हणून मिरवायला कोणाला आवडतं?

आज खंडेनवमी, हत्यारं-अवजारं पुजायचा दिवस. शाळेनं नव्यानं आलेल्या या जुन्या मशिनांची पूजा ठेवली होती, पूजेचं ताट नेहमीसारखं ग्यानोबाकडे होतं आणि निम्मं गाव वर्गात येऊन बसलं होतं.

टेम्पोतली मशिनं टेबलांवर लागली. एक टेबल तेवढं रिकामं राहिलं. ते पाहून सरपंच व्यंकटरावांनी पंचायतीच्या गोदामात वर्षानुवर्षं पडून असलेलं मशीन आणवलं. राजकन्यानं ते जमिनीवर आडवं घातलं, शेजारी मांडी ठोकली आणि पेचकसानं स्क्रू फिरवून बाजूचा पत्रा काढला.

आतून झेंडूच्या वाळक्या पाकळ्या सांडल्या. मागोमाग अक्षता. पंखा कुंकवानं लालभडक होऊन जागच्या जागी चिकटला होता.

सगळा वर्ग हसला. पंचायतीत मेंबर असताना दर खंडेनवमीला त्या मशिनाची पूजा कोण करायचं, हे गावाला ठाऊक होतं. ग्यानोबाला कुठलंही काम हात राखून करणं माहीत नव्हतं. कुंकू थेट देवाच्या पोटात जावं म्हणून तो जाळीजाळीतून वाहायचा.

“ग्यानोबा, मशीन कामून मेलं ते आज कळलं,” व्यंकटराव म्हणाले.

धरणीनं पोटात घ्यावं, असं ग्यानोबाला झालं. एकीकडे लेकीचं भंगार उघडं पडलं होतं, दुसरीकडे त्याची भक्ती.

राजकन्या मान वर न करता ब्रशनं कुंकू झाडत होती. गोदामात आणखी दोन मशिनं होती ती कुठं गेली, असं तिनं सहज विचारलं. व्यंकटरावांना सांगावं लागलं, की ती फिरत्या भंगारवाल्याला दिली. त्यानं तांब्यासाठी त्यांच्या वायरी ओढ्याकाठी जाळल्या आणि त्या धुरानं सगळी गल्ली खोकत बसली.

“मंग ह्ये कसं राहिलं, काका?”

व्यंकटरावांना तेही सांगावं लागलं. हे पुजलेलं होतं. त्याला हात लावायला भंगारवालासुद्धा धजला नव्हता.

“आबाच्या कुंकवानं बंद पडलं, हाव,” राजकन्या म्हणाली. “आन आबाच्या कुंकवानंच वाचलं.”

मग तिनं एका पोरीचं खोडरबर मागून घेतलं, मेमरीची पट्टी घासून साफ केली, पंखा बोटानं फिरवून पाहिला. एक भाग पार कामातून गेला होता, त्याच्या जागी जवळचा दुसरा बसवून तिनं तो वेगळ्या पोत्यात टाकला. अशी पोती ती ई-कचऱ्याचा परवाना असलेल्या कारखान्याला पाठवते. जाळायचं नाही, उकिरड्यावर टाकायचं नाही, हा तिच्या दुकानाचा नेम. ग्यानोबानं तो कितीदा ऐकला होता आणि कानाआड केला होता. आज त्याला तो एकादशीइतका कडक वाटला.

तिनं बटण दाबलं. पंखा कुरकुरला आणि फिरू लागला. आत उरलंसुरलं कुंकू उडून तिच्या नाकावर बसलं. स्क्रीन उजळली तशी पोरं एकमेकांच्या अंगावर चढून बघायला लागली. ग्यानोबाला इतका अभिमान वाटला, की ताट हातात आहे हेच तो विसरला.

“कंपनीत ह्येच शिकिवत्यात का?” व्यंकटरावांनी विचारलं.

“कंपनी-बिंपनी काय न्हाई,” ग्यानोबा म्हणाला, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. “माझी लेक भंगार गोळा करती. आन त्याच्यातून ह्ये असं करती.”

शाळेच्या बाईंनी पूजेची आठवण केली. ग्यानोबानं चिमटीत कुंकू घेतलं. हात सवयीनं मशिनाकडे गेला, जाळीजवळ थबकला. वर्गात पुन्हा हसू फुटायच्या बेतात होतं.

राजकन्याच्या मांडीशी तिचा पेचकस पडला होता, मूठ झिजून गुळगुळीत झालेला. ग्यानोबा वाकला आणि त्यानं पेचकसाला कुंकू लावलं.