सतरंजी

दुपारी अध्यक्ष आणि सचिव एका माइकवरून हमरीतुमरीवर आले आणि संध्याकाळपर्यंत एवढ्याशा पक्षाचे दोन पक्ष झाले. दोघेही आपापली माणसं घेऊन तावातावाने निघून गेले. मंगल कार्यालयात उरली ती सकाळी अंथरलेली लांबलचक सतरंजी.

शेवंता अध्यक्षांच्या गटातली. ती एकटीच घडी घालायला लागली, पण एक टोक ओढलं की दुसरं चुरगळायचं. दाराशी हौसाक्का चपला घालत होती. पक्ष स्थापन झाल्यापासून दोघींनी मिळूनच सतरंज्या घातल्या होत्या, दोघींनीच उचलल्या होत्या. आज मात्र आक्काने सचिवांच्या बाजूने हात वर केला होता.

आक्का थबकली. तिने चपला काढल्या आणि दुसरं टोक उचललं. सतरंजी झटकून दोघी घडी घालत एकमेकींकडे चालत आल्या. हाताला हात लागला.

"पुढच्या महिन्यात आमचा मेळावा हाय. येतीस?" आक्काने विचारलं.

"मी? तुमच्या सचिवाचं भाषण ऐकायला?"

"भाषणं करणारे रगड हाईत आमच्यात," आक्का म्हणाली. "दुसरं टोक धरायलाच कुणी न्हाई."