बटणावरची चिकटपट्टी

बहिणीच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं त्याच वर्षी बहीणभावाचं बोलणं तुटलं. भाऊ म्हणजे बटणदादा. कुणी खुर्चीतून उठायचा अवकाश, हा पंखा बंद करायचा. भाचीच्या लग्नातही पाहुणे जेवत असताना याने निम्मे दिवे मालवले होते. वर म्हणाला, "अंधारात घास काय नाकात जातो?"

भांडण मात्र दिव्यांवरून झालं नाही. दोघं एकाच कारखान्यात होते. तिथे कापड रंगवत. ती हौदावर, तो मुकादम. हौदातलं रंगाचं पाणी एका नळातून गुपचूप ओढ्यात सोडलं जाई आणि खालच्या वस्तीतल्या लेकरांच्या अंगावर चट्टे उठत. बहिणीने ओढ्याकाठी उभं राहून, तो नळ दाखवून, सगळं कॅमेऱ्यासमोर सांगितलं. व्हिडिओ एका मोठ्या कंपनीच्या साइटवर चढला आणि कारखान्याने तक्रार करताच गायब झाला. तिला कुणी विचारलंही नाही.

"माझ्या पोटावर पाय दिलास," बटणदादा म्हणाला. "पुन्हा माझ्या दारात यायचं नाही."

जावयाने तोच व्हिडिओ दुसरीकडे चढवला. तिथे मालक असा कुणी एक नव्हता. "आई, हे शेजारधर्मासारखं आहे," त्याने समजावलं. "ज्याला पटेल तो आपल्या घरच्या संगणकावर एक प्रत ठेवतो. एकाचं घर बंद झालं तरी दुसऱ्याच्या घरून लोकांना दिसत राहतं. फक्त कुणीतरी संगणक रात्रंदिवस चालू ठेवायला हवा."

आधी बरेच जण होते. मग वकिलाच्या नोटिशीच्या धाकाने एकेक गळाला. जावयाच्या संगणकाने तर विजेच्या झटक्याने मान टाकली, मूळ प्रतही त्यातच गेली. नेमके तेव्हाच कारखान्याच्या तपासणीला सरकारी साहेब यायचे होते. व्हिडिओ नसला तर हौदावरच्या बाईचा शब्द कोण धरणार? तिने धसक्यानेच मोबाइल उघडला. व्हिडिओ चालू होता.

"कुणाकडे आहे हा?"

"एकच जण उरलाय." जावई दुसरीकडे बघत म्हणाला, "नाव दिसत नाही."

साहेबांनी व्हिडिओ पाहिला, मग ओढा पाहिला. नळ सिमेंटने बुजवला गेला. लेकरांचे चट्टे हळूहळू गेले. ती रोज संध्याकाळी त्या बिननावाच्या माणसाला हात जोडायची. "बाबा, असशील तिथे सुखी राहा." आणि त्याच हातांनी भावाच्या नावाने बोटं मोडायची.

मग एक दिवस वहिनीचा फोन आला. "वन्सं, हे दवाखान्यात आहेत. मला इथून हलता येत नाही. किल्ली शेजारी आहे. माळ्यावरच्या खोलीतून यांचा चष्मा घेऊन या."

जिन्यातला दिवा लावून ती वर गेली. खोलीत काळोख होता, आणि त्या काळोखात एक संगणक घरघरत होता. बटणदादाच्या घरात, माणूस नसताना! कुणाचा हात चुकून लागू नये म्हणून भिंतीवरच्या बटणावर चिकटपट्टी मारलेली. तिने माऊस हलवला. पडद्यावर ओढा उजळला, नळ दिसला, आणि शेजारी ती स्वतः.

दवाखान्यात तिने चष्मा भावाच्या डोळ्यांवर चढवला.

"दादा, तूच होतास?"

"मुकादमाने तोंडाने कसं बोलायचं गं?" तो हळू आवाजात म्हणाला. "म्हटलं, तू बोललीस तेवढं तरी विझू नये. जावयाकडून शिकून घेतलं. त्याला शपथ घातली होती."

"रोज हात जोडले रे मी तुला."

"ते पोचले. बोटं मोडलीस तीही पोचली."

ती हसता हसता रडली. त्याने डोळे मिटले, आणि लगेच उघडले.

"ए भवाने, जिन्यातला दिवा बंद केलास का?"

"केला."

"आणि वरचं?"

"त्याला हात नाही लावला. लावणारही नाही."

"शहाणी आहेस," तो म्हणाला.

थोरल्या लेकीला मुलगी झाली त्या वर्षी, एका शुक्रवारी सकाळी, बटणदादा गेला. माळ्यावरचा संगणक तेव्हाही चालू होता.