पाचवं पान

प्रिंटरनं पुन्हा एक कोरा कागद बाहेर टाकला. त्याच्यामागून सात पानांचा पेपर आला. मग पुन्हा कोरा.

साडेनऊ वाजले होते. लातूरच्या कोचिंग क्लासची मोफत प्रवेशाची परीक्षा दहाला सुरू व्हायची होती. दहावी झालेल्या पहिल्या वीस पोरांना दोन वर्षं शिकवणी आणि होस्टेल फुकट. छापखान्यातून तीनशे पेपर आले होते आणि पोरं आली तीनशे चाळीस. वरचे चाळीस पेपर ऑफिसात काढायचं काम व्यंकटीवर येऊन पडलं. क्लासचं टायपिंग, छपाई, हजेरी, सगळं तोच बघायचा.

त्यानं नांदेडच्या मेकॅनिकला फोन लावला.

"सिद्धराम, दर पेपराच्या आधी एक कोरं पान यायलंय. मशीन बंद करून चालू केली, वायरी काढून लावल्या. काई फरक न्हाई."

"प्रिंटर तुमच्याच कॉम्प्युटरला जोडलाय का?"

"न्हाई, सरांच्या केबिनमधल्याला. हितून नेटवर्कवर जातंय."

"मग छपाईच्या दोन कामांच्या मधी कोरं पान सोडायची सेटिंग तिथं चालू झाली असंल. तिथंच बसून बंद करावी लागती."

केबिनला कुलूप होतं. क्लासचे मालक राघवेंद्र सर हॉलमध्ये पालकांपुढं बोलत होते. व्यंकटीनं खिडकीतून कोरं पान दाखवून किल्ली मागितली तेव्हा ते माईकवर हात ठेवून म्हणाले, "आता किल्ली घेऊन धावत येऊ का मी? कोरं तेवढं उचलून टाक अन् पेपर पाठव."

व्यंकटी परत आला. वरचं कोरं पान उचलायचं, खालची सात टेबलावर ठोकून सारखी करायची, कोपऱ्यात पिन मारायची. दहा-बारा पेपरांनंतर हात आपोआप चालायला लागले. शेवटच्या चार-पाचांत एका पेपराला पिन मारताना मधूनच पांढरं काहीतरी सर्रकन गेलं. कोरं पान आत राहिलं वाटतं, त्याला वाटलं. तेवढ्यात घंटा झाली. शिपाई सटवाजी दारात ओरडला, "व्यंकटीभाऊ, पोरं बिनपेपराची बसलीत!"

जास्तीचं एक कोरं पान. त्यानं काय बिघडतंय? त्यानं गठ्ठा सटवाजीच्या हातात दिला.

परीक्षा एकला सुटली. तीनला यादी लागणार होती. अडीचच्या सुमाराला एक माणूस पोरीला घेऊन ऑफिसच्या दारात उभा राहिला. त्याचा उजवा हात कोपरातून सरळ होत नव्हता. त्यानं डाव्या हातानं पेपर पुढं केला.

"मी भुजंग. किल्लारीहून आलोय. ही माझी पोरगी, सृष्टी. साहेब, हिच्या पेपरात एकसष्ट ते पंच्याहत्तर प्रश्नच न्हाईत."

व्यंकटीनं पानं उलटली. चार. कोरं. सहा. ते पान जास्तीचं नव्हतंच. पाचवं पान मशीननं न छापताच पुढं ढकललं होतं. त्या कोऱ्या कागदावर आता बारीक, नेटक्या अक्षरात गणितं मांडलेली होती.

"तवाच सांगायचं न्हाई का, बाळा?"

"सांगितलं की," सृष्टी म्हणाली. "प्रश्नांचे नंबर मधीच तुटायलेत म्हणून हात वर केला. वर्गावरचे सर म्हणले, कोरं पान कच्च्या कामाला असतंय, गप सोडव."

व्यंकटी दोघांना घेऊन केबिनमध्ये गेला.

"सर, चूक माझी हाय. पिन मारताना मला कोरं पान दिसलं होतं. मी उघडून बघितलं न्हाई."

राघवेंद्र सरांनी पेपर हातात घेतला, पुन्हा पुन्हा उलटून पाहिला. मग कॉम्प्युटरवर तिच्या उत्तरपत्रिकेचा नंबर शोधला.

"पंच्याऐंशीतले एक्क्याऐंशी बरोबर आहेत हिचे," ते हळू आवाजात म्हणाले.

"अन् विसाव्याला किती?" व्यंकटीनं विचारलं.

"अठ्ठ्याऐंशी."

सरांनी पेपर टेबलावर ठेवला.

"एकटीला आता पंधरा प्रश्न दिले, तर बाहेर तीनशे एकोणचाळीस आई-बाप उभे राहतील, व्यंकटी. पेपर सगळ्यांच्या घरी गेलाय. मी काय सांगू त्यांना?" सर म्हणाले. मग सृष्टीकडं वळून, "पुढच्या वर्षी..." एवढं बोलले आणि स्वतःच थांबले.

भुजंगनं पेपर घेतला, घडी घालून खिशात ठेवला. "बरं साहेब. मग आम्ही निघावं का?"

व्यंकटीला ते ऐकवेना. भुजंग भांडला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

"थांबा जरा," व्यंकटी म्हणाला. का थांबवतोय, ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. ऑफिसात येऊन त्यानं फक्त पाचवं पान छापायला पाठवलं. आधी कोरं आलं. मग पान आलं. ते त्यानं सृष्टीच्या हातात दिलं.

ती भिंतीजवळच्या बाकड्यावर बसली. मांडीवर वही घेतली, वहीवर पान ठेवलं. दहा-बारा मिनिटं तिनं मान वर केली नाही. भुजंग दारात उभा राहून तिच्याकडं बघत होता. बाहेर सटवाजी यादी चिकटवायला लागला, पोरांचा गलका झाला, तरी ती लिहीतच होती.

मग उठली. पान दोन्ही हातांनी धरून टेबलापाशी आली.

"झालं, काका," ती म्हणाली. "हे कुणाकडं द्यायचं?"