बिनफवारणीच्या ओळी

कपाशीच्या चार ओळींवर एंड्रिन फवारायचं, शेजारच्या चार अळीच्या तोंडी सोडायच्या आणि फरक मोजायचा. बेसा रस्त्यावरच्या आमच्या संशोधन केंद्रातला प्रयोग एवढाच! पण दोन वर्षं फरक शून्य. औषध बदललं, पंप बदलला, माझं डोकं फिरायची वेळ आली.

शेवटी एका दुपारी आमची मजूर प्रयागबाई त्या बिनफवारणीच्या ओळींतल्या अळ्या वेचताना सापडली.

"मरू देत की त्या ओळी! मरण्यासाठीच लावल्यात!" मी ओरडलो.

"माह्या हातानं पेरल्या नं, साहेब. त्यायले अळ्या खाऊन राहिल्या, अन् मी समोर बसून भाकर खाऊ?"

यंदा तिनं त्या ओळी पेरायला साफ नकार दिला. वैतागून मीच पेरल्या.

आता डबा खाताना मी शेताकडे पाठ करून बसतो.